‘येस सर’ म्हणजे हो की नाही? रिसेप्शनवरच्या 45 मिनिटांचा प्रकरण अभ्यास

रात्री 10 वाजून 40 मिनिटांनी एक मध्यमवयीन जर्मन जोडपं हॉटेलच्या रिसेप्शनसमोर येऊन उभं राहिलं. विमानाला उशीर झालेला, वरून टॅक्सीचा लांबचा प्रवास, दोघंही दमलेली. खोली आधीच बुक केलेली होती, पैसेही भरलेले होते. प्रत्यक्ष खोलीत जायला त्यांना 11 वाजून 25 मिनिटं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेखी तक्रार दिली. रिसेप्शनवरची कर्मचारी उद्धटपणे वागली, असं त्यात होतं.

मी हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमधल्या लोकांना इंग्रजी शिकवते. आठवडाभराने फ्रंट ऑफिस मॅनेजरांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, हिचं इंग्रजी सुधारा, नाहीतर हिला मागच्या ऑफिसात बसवावं लागेल.” पत्र मी दोनदा वाचलं. उशीर झाल्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. आम्ही खोटं बोलतोय असं आम्हाला वागवलं गेलं, आधी हो म्हणाल्या मग नाही म्हणाल्या, आम्हाला कोपऱ्यात बसायला सांगून फोनवर हसत होत्या, असा त्याचा सूर होता.

ज्या मुलीबद्दल हे लिहिलं होतं तिला मी ओळखत होते. कामाला लागून तिला सव्वा वर्ष झालेलं. मराठी शाळेत शिकलेली, कामाला चोख, सहकाऱ्यांत लाडकी. माझ्यासमोर बसली आणि तिचे डोळे भरून आले. “मॅडम, मी एकही वाईट शब्द बोलले नाही हो. प्रत्येक वाक्याला सर म्हटलं.”

ती खरं सांगत होती, आणि पत्रातही खोटं काही नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे शोधण्यासाठी मी त्या रात्रीचा संवाद कागदावर उतरवायचं ठरवलं. तिच्याकडून, सामान घेऊन उभ्या असलेल्या बेल बॉयकडून आणि 11 वाजता ड्युटीवर आलेल्या नाइट ऑडिटरकडून, म्हणजे रात्री हिशेब आणि काउंटर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, ऐकून आम्ही तो जवळपास शब्दशः जुळवला.

त्या रात्रीचा संवाद

पाहुण्यांनी ‘गुड इव्हनिंग’ म्हणून रिझर्व्हेशन असल्याचं सांगितलं. तिने विचारलं, ‘युअर नेम?’ त्यांनी आडनाव सांगितलं. तिने ते कॉम्प्युटरवर टाइप केलं, काही आलं नाही. पुन्हा टाइप केलं. मग म्हणाली, ‘नो बुकिंग, सर.’

‘सॉरी?’

‘धिस नेम, नो बुकिंग.’

पाहुण्यांनी फोन काढून पैसे भरल्याचा मेल दाखवला. मेल जर्मन भाषेत होता. तिने पाहिला, तिला त्यातलं काही कळलं नाही, तिने फोन परत दिला. बाई नवऱ्याला हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. ते तिच्याकडे वळून म्हणाले, ‘धिस इज अ प्रॉब्लेम नाउ.’ तिने अगदी काळजीने विचारलं, ‘व्हॉट इज युअर प्रॉब्लेम, सर?’

बेल बॉय म्हणतो, इथे त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. पण त्यांनी आवाज खालीच ठेवला आणि विचारलं, ‘सो यू डोन्ट हॅव अवर रूम?’

‘येस सर.’

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. ती गोंधळली. म्हणाली, ‘सर, नो रूम.’

‘यू जस्ट सेड येस!’

‘येस सर. नो रूम.’

यानंतर त्यांचा आवाज चढला. तिने सोफ्याकडे बोट दाखवून ‘यू वेट देअर’ म्हटलं आणि ड्युटी मॅनेजरला फोन लावला. तो लागेना. दुसऱ्या नंबरवर लावला. शेवटी कोणीतरी उचलला, तेव्हा घाबरलेलं माणूस हसतं तशी ती एकदा हसली. सगळं बोलणं मराठीत. या मधल्या वीसेक मिनिटांत ती पाहुण्यांशी एक शब्दही बोलली नाही, कारण सांगण्यासारखं काही हातात नव्हतं.

11 वाजता नाइट ऑडिटर आला. त्याने तिला मराठीत सांगितलं, “पासपोर्ट घे त्यांचा.” ती सोफ्याकडे जाऊन म्हणाली, ‘गिव्ह युअर पासपोर्ट.’ पासपोर्ट पाहून ऑडिटरने आडनाव टाइप केलं आणि बुकिंग लगेच समोर आलं. पुढचा वेळ रजिस्ट्रेशन कार्ड भरण्यात आणि खोली अलॉट करण्यात गेला. या सगळ्यात ‘सॉरी’ कोणीच म्हटलं नाही. तिने नंतर मला कारण सांगितलं: आपली चूक कबूल करायची नाही, अशी वरून ताकीद होती.

नाव का सापडलं नाही

आधी हा भाग उरकते, कारण तो सोपा आहे आणि तो टाळता आला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

पाहुण्यांचं आडनाव इंग्रजी ‘डब्ल्यू’ने सुरू होत होतं. जर्मनमध्ये या अक्षराचा उच्चार इंग्रजी ‘व्ही’सारखा होतो. तिने कानाला आलं ते टाइप केलं, म्हणजे ‘व्ही’. मराठी माणसाला हा फरक कानाने पकडता येणं तसंही कठीण, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी एकच ‘व’ आहे. आपण ‘विंटर’ आणि ‘व्हिसा’ वेगळे लिहायचा प्रयत्न करतो खरा, पण तोंडात आणि कानात ते एकमेकांत मिसळतात.

त्यामुळे माझं स्पष्ट मत झालं आहे: परदेशी पाहुण्याचं नाव कानावर विसंबून शोधूच नये. पासपोर्ट चेक-इनसाठी लागणारच असतो, तो पहिल्याच वाक्यात मागावा. फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी 44 अक्षरांच्या. त्यांचा आराखडा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, ठरवून दिलेला आहे. पहिल्या ओळीत देशाच्या कोडनंतर आधी आडनाव येतं, मग कोनासारखी दोन चिन्हं, आणि त्यानंतर पाळण्यातलं नाव. कुठलं आडनाव आणि कुठलं पहिलं नाव हा गोंधळ त्या ओळीत उरत नाही. काही भाषांत अक्षरांवर टिंबं आणि रेघा असतात, त्याही तिथे साध्या रोमन अक्षरांत बदललेल्या असतात. जर्मन पासपोर्टात दोन टिंबांचा ‘यू’ तिथे ‘यू-ई’ असा येतो. बुकिंग कधी एका पद्धतीने झालेलं असतं, कधी दुसऱ्या, म्हणून एकाने सापडलं नाही तर दुसरी टाइप करून पाहायची.

फोनवर पासपोर्ट दिसत नाही. तिथे स्पेलिंग विचारायचं, आणि आपण परत म्हणून दाखवताना अक्षरांना शब्द जोडायचे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी 1956 पासून विमानवाहतुकीत वापरात आहे, आणि ती नेमकी याच अडचणीसाठी आहे. तिच्यात ‘व्हिक्टर’ आणि ‘व्हिस्की’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला ‘व्ही’साठी, दुसरा ‘डब्ल्यू’साठी. आमच्या मुलीला हे दोनच आठवले असते तरी काम झालं असतं.

आणखी एक गोष्ट मला संवाद जुळवताना सुचली आणि मॅनेजरांनाही ती पटली. त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची छापील यादी काउंटरखालीच होती. रात्री 10.40 ला तिच्यावर टिक न झालेली फक्त तीन नावं शिल्लक होती. ‘या माणसाचं नाव यादीत कुठे आहे?’ असं शोधण्याऐवजी ‘अजून कोण यायचं राहिलंय?’ असं पाहिलं असतं तर उत्तर डोळ्यांसमोर होतं. ही युक्ती कोणी शिकवलेली नव्हती. शिकवायला दोन मिनिटं पुरतात.

हो, नाहीये

आता खरा गुंता. ‘सो यू डोन्ट हॅव अवर रूम?’ या प्रश्नाला ती ‘येस सर’ म्हणाली.

मराठीत हे उत्तर बिनचूक आहे. “म्हणजे आमची खोली नाहीये?” “हो, नाहीये.” समोरच्याचं म्हणणं बरोबर असेल तर आपण ‘हो’ म्हणतो, मग ते म्हणणं नकारार्थी असलं तरी. आपला ‘हो’ बोलणाऱ्या माणसाला दुजोरा देतो. इंग्रजीचा ‘येस’ बोलणाऱ्याकडे पाहत नाही, वस्तुस्थितीकडे पाहतो. खोली असेल तर ‘येस’, नसेल तर ‘नो’, प्रश्न कसाही विचारलेला असो. जर्मनचीही रीत याच बाजूची आहे. म्हणून त्या गृहस्थांनी ‘येस’ ऐकला, खोली आहे असं समजून बॅग खाली ठेवली, आणि पुढच्याच क्षणी तिने आपलं बोलणं फिरवलं असं त्यांना वाटलं. दोनदा. पत्रातल्या ‘आधी हो म्हणाल्या मग नाही म्हणाल्या’ या वाक्याचा उगम इथे आहे.

हा दोष इंग्रजी कच्चं असण्याचा म्हणता येत नाही. मी इंग्रजीत उत्तम पत्रव्यवहार करणारी माणसंही इथे घसरताना पाहिली आहेत, कारण ही सवय व्याकरणाच्या खाली, फार आत रुजलेली असते. पुस्तकात तिच्यासाठी धडा नसतो. आणि रिसेप्शनवर नकारार्थी प्रश्न दिवसभर येतात. ‘रूम तयार नाही का?’, ‘ब्रेकफास्ट यात धरलेला नाही?’, ‘माझं सामान अजून आलं नाही?’ दमलेला, साशंक माणूस असेच प्रश्न विचारतो. म्हणजे गैरसमज सर्वांत महाग पडतो त्याच घडीला हा सापळा लागतो.

यावर उपाय म्हणून मी एकच नियम देते: नकारार्थी प्रश्नाला एकट्या ‘येस’ने किंवा एकट्या ‘नो’ने कधीही उत्तर द्यायचं नाही. पूर्ण वाक्य बोलायचं. ‘द रूम इज नॉट रेडी यट, सर.’ हो-नाही गळालं तरी चालतं, वाक्य मात्र पुरं हवं.

तिची दुसरी सवयही याच घरातली. समोरचा बोलत असताना आपण ‘हो, हो, हं’ करत राहतो, ऐकतोय हे कळावं म्हणून. तिने त्याचं ‘येस, येस, येस’ केलं होतं. ऐकणाऱ्याला ते संमती वाटतं किंवा ‘आटपा लवकर’ असं वाटतं. त्याऐवजी ‘आय सी’ किंवा ‘आय अंडरस्टँड’ एकदा, शांतपणे, पुरतं.

आदर कुठे सांडला

संवाद लिहून झाल्यावर मी तिला विचारलं, “हेच पाहुणे मराठी असते तर तुम्ही काय म्हणाला असता?”

ती क्षणभरही थांबली नाही. “सर, नाव सापडत नाहीये हो. जरा आयडी बघू का तुमचं? बसा ना तोवर, दमला असाल. मी बघते लगेच.”

मी पेन खाली ठेवलं. या चार वाक्यांत पाहुण्याची सेवा म्हणून जे जे शिकवतात ते सगळं होतं. दोष स्वतःकडे घेतला होता, परवानगी मागितली होती, थकवा ओळखला होता, पुढे काय करणार ते सांगितलं होतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती असं बोलणाऱ्या घरातून आली होती. मग इंग्रजीत त्याचं ‘नो बुकिंग’, ‘यू वेट देअर’, ‘गिव्ह युअर पासपोर्ट’ का झालं?

कारण मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. ‘बस’ आणि ‘बसा’, ‘दे’ आणि ‘द्या’. एका कान्याने माणसाचा मान राखला जातो. त्यात ‘ना’, ‘हो’, ‘जरा’, ‘तोवर’ असे छोटे शब्द पेरले की वाक्य मऊ होतं. इंग्रजी ‘सिट’ला आणि ‘गिव्ह’ला अशी शेपटीच नाही. ‘द्या’चं भाषांतर ‘गिव्ह’ केलं की अर्थ पलीकडे पोचतो आणि आदर अलीकडेच गळून पडतो. बोलणाऱ्याच्या मनात ‘द्या’च असतं, म्हणून आपण उद्धट बोललो हे त्याला कळतही नाही. ‘प्रत्येक वाक्याला सर म्हटलं’ हे तिचं म्हणणं म्हणूनच मला लागलं. आदर गळतोय हे तिला आतून जाणवत असावं, आणि हाताशी होता त्या एका शब्दाने ती तो भरून काढू पाहत होती.

इंग्रजीत आदर क्रियापदाच्या आधी येतो: कुड, वुड, मे. तो प्रश्नाच्या रूपात येतो, आणि समोरच्याला नकाराची वाट मोकळी ठेवण्यातून येतो. पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी 1978 मध्ये सौजन्याचा जो सिद्धान्त मांडला, त्याचा एक धागा इथे उपयोगी आहे. प्रत्येक माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, आपली कदर व्हावी आणि आपल्यावर कोणी काही लादू नये. मराठी संवादात पहिली गोष्ट अगत्याने पुरवली जाते. “बसा ना” हा आग्रह आपल्याला गोड वाटतो. इंग्रजी रीतीत दुसरीचा मान मोठा. म्हणून आग्रहाचं शब्दशः भाषांतर हुकमासारखं ऐकू येतं. ‘प्लीज’ लावून भागत नाही. ‘प्लीज वेट देअर’ हा सभ्य हुकूम झाला, इतकंच. ‘वुड यू लाइक टू सिट डाउन व्हाइल आय चेक?’ यात मात्र तिचं मूळ “बसा ना तोवर” बरंचसं पोचतं.

‘नो बुकिंग’चंही तसंच. मराठीत ती ‘सापडत नाहीये’ म्हणाली असती. शोधणारी मी, न सापडणं माझ्याकडे. इंग्रजीत ‘फाइंड’ हे क्रियापद ऐन वेळी आठवलं नाही आणि ‘नो’ने काम भागवलं, तेवढ्याने आरोप पाहुण्यावर गेला. ‘आय कान्ट फाइंड इट यट’ आणि ‘यू हॅव नो बुकिंग’ यांतलं अंतर एका क्रियापदाचं आहे, पण पहिल्यात पाहुणा पाहुणाच राहतो आणि दुसऱ्यात तो संशयित होतो. ‘यट’ हा शब्द तर मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. आपला ‘अजून’ जी आशा देतो तीच तो देतो.

‘व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?’ हे ‘काय अडचण आहे?’चं प्रामाणिक भाषांतर आहे आणि ऐकणाऱ्याला ते ‘तुझं काय दुखतंय?’ असं ऐकू येतं. याला तर्क नाही, वापराची रीत आहे. ते पाठच करावं लागतं: ‘हाउ कॅन आय हेल्प?’

काय बदललं, काय फसलं

इथे मला माझ्या कामाबद्दलही लिहायला हवं. या मुलीने तक्रारीच्या काही महिने आधी माझाच एक वर्ग केला होता. मी त्या तुकडीला 40 सौजन्यपूर्ण वाक्यांचा कागद दिला होता आणि तो सगळ्यांनी पाठ केला होता. परीक्षेत तिला चांगले गुण होते. त्या रात्री त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडी आलं नाही. माणूस घाबरला की पाठ केलेलं आधी जातं आणि मातृभाषेचा साचा वर येतो. कागदाची सुरुवात इंग्रजीतून होती, तिच्या मनातलं बोलणं मराठीतून. दोहोंच्या मध्ये मी काहीच बांधलं नव्हतं.

म्हणून या खेपेला उलट केलं. ती आणि तिचे चार सहकारी रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी 20 मिनिटं बसायचे. मी प्रसंग सांगायचे, ते आधी मराठीत बोलायचे, अगदी घरच्यासारखं. मग आम्ही त्या मराठी वाक्यात आदर नेमका कुठल्या अक्षरात आहे ते शोधायचो आणि तो इंग्रजीत कुठे ठेवायचा ते ठरवायचो. तीन आठवड्यांत आम्ही जेमतेम 12 साचे घोटले. परवानगी मागणं, न सापडणं सांगणं, थांबायला सांगणं, नकार देणं, माफी मागणं, पुन्हा बोलायची विनंती करणं, असे. साचा एकच, आतला शब्द बदलायचा.

मॅनेजरांची अपेक्षा ‘फाडफाड इंग्रजी’ची होती. त्यांना मी युरोपीय परिषदेच्या भाषापातळ्या दाखवल्या, ज्या 2001 मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि आता जगभर वापरल्या जातात. ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या. ही मुलगी ए-टूवर होती, म्हणजे ओळखीच्या, ठरावीक कामापुरतं बोलू शकणारी. चेक-इनचं 90 टक्के बोलणं असंच ठरावीक असतं, असा माझा अनुभव आहे. ए-टूवर राहूनही माणूस अत्यंत सौजन्याने बोलू शकतो, आणि सी-वनवर पोचलेला माणूस पाहुण्याला अपमानित करू शकतो. शिवाय समोरचे पाहुणेही इंग्रजी शिकूनच आलेले होते. त्यांना वाक्प्रचारांची आतषबाजी नको होती, साधी, पुरी, संथ वाक्यं हवी होती.

माफीच्या प्रश्नावर मॅनेजरांशी वाद झाला. चूक कबूल केली की पाहुणे पैसे परत मागतात, हे त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की ‘आय ॲम सॉरी यू हॅव टू वेट आफ्टर सच अ लाँग जर्नी’ यात कुठलीच कबुली नाही, पाहुण्याच्या त्रासाची नोंद आहे फक्त. आणि चूक खरोखर आपली असेल तर ती सांगण्याने फारसं बिघडत नाही. चूक चांगली निस्तरली तर पाहुणा आधीपेक्षाही खूश होतो, असा एक विचार 1992 पासून सेवाक्षेत्राच्या अभ्यासात चर्चेत आहे. पण पुढच्या संशोधनात तो दर वेळी टिकलेला नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये असंही मी त्यांना सांगितलं. माफी त्या माणसाला द्यायची असते म्हणून द्यावी. अखेर ताकीद बदलली: त्रासाबद्दल माफी कोणीही मागावी, भरपाईचं बोलणं ड्युटी मॅनेजर करतील.

तो गप्प गेलेला वीस मिनिटांचा काळही आम्ही वेगळा काढला. बातमी नसली तरी बातमी द्यायची. ‘आय विल कम बॅक टू यू इन फाइव्ह मिनिट्स’ म्हणायचं आणि पाचव्या मिनिटाला खरोखर जायचं, हातात काही नसलं तरी. पाहुण्यांसमोर त्यांना न कळणाऱ्या भाषेत फोन करायचा असेल तर आधी सांगायचं, ‘आय ॲम कॉलिंग माय मॅनेजर अबाउट युअर रूम.’ एवढ्या वाक्याने ते हसणं त्यांच्यावरचं हसणं ठरलं नसतं.

आणि काही गोष्टी भाषेच्या नव्हत्याच. दहा तास उभं राहून झालेलं, काउंटरवर एकटी, वरिष्ठांचा फोन लागत नाही, आणि स्वतः निर्णय घ्यायची मुभा नाही. अशा स्थितीत चेहरा प्रसन्न ठेवणं हे स्वतःच एक श्रमाचं काम आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या सेविकांच्या अभ्यासातून त्याला ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं. ते श्रम पगारात मोजले जात नाहीत, पण खर्च होतातच. रिट्झ-कार्लटन या हॉटेल समूहात पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता 2,000 डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असल्याचं प्रसिद्ध आहे. रक्कम बाजूला ठेवू. विचारावं लागत नाही, हे त्यातलं महत्त्वाचं. आमच्या मुलीला त्या दोघांना पाण्याच्या बाटल्या द्यायलाही परवानगी लागेल असं वाटलं होतं. ती लागत नव्हती, पण तसं तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आता रात्रपाळीच्या लॉगबुकच्या पहिल्या पानावर न विचारता काय काय करता येतं ते लिहिलेलं आहे.

सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. पाच जणांपैकी एक मुलगा अजून ‘कुड यू’ म्हणतो आणि त्यातही आवाज हुकमाचा असतो. वाक्य शेवटी खाली आपटतं, वर जात नाही. सूर बसायला साच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्यासाठी माझ्याकडे अजून चांगली पद्धत नाही. त्या जोडप्याला हॉटेलने पत्र पाठवलं. मसुदा त्या मुलीने माझ्यासोबत बसून लिहिला. ‘मला तुमचं नाव नीट ऐकू आलं नाही आणि ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं’ हे त्यातलं वाक्य तिचं स्वतःचं आहे. उत्तर आलं नाही.

महिन्याभराने एका दुपारी मी लॉबीत बसले होते. एक बाई वेळेआधी आल्या होत्या, खोलीची सफाई चालू होती. सोफ्यावरून उठून त्या काउंटरपाशी आल्या आणि विचारलं, ‘सो इट्स स्टिल नॉट रेडी?’

‘येस...’ ती म्हणाली, आणि थांबली. ओठ मिटले. मग बाईंकडे बघून सावकाश बोलली, ‘द रूम इज नॉट रेडी यट, मॅडम. आय ॲम सॉरी, यू मस्ट बी टायर्ड. दे आर क्लीनिंग इट नाउ. वुड यू लाइक सम वॉटर व्हाइल आय चेक?’

बाई म्हणाल्या, हो, पाणी चालेल. तिने कोणालाही न विचारता मागे वळून बाटली काढली.